कार्ड दिसत नाही म्हणजे कार्ड गेलं नाही

लग्नसराईत भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या छोट्या स्टुडिओंचा सगळा भार एकाच लॅपटॉपवर असतो. प्रीमिअरने किंवा दाविंची रिझॉल्व्हने ग्राफिक्स कार्ड ओळखायचं नाकारलं की काम अडतं आणि ‘कार्ड गेलं’ हा निकाल लगेच लागतो. माझं म्हणणं एवढंच, की कार्ड सॉफ्टवेअरला न दिसणं आणि कार्ड बिघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न तपासता बोर्डाच्या दुरुस्तीचे पैसे मागणं ग्राहकावर अन्याय आहे.

एडिटिंगच्या लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरच्या आतलं आणि दुसरं स्वतंत्र. बॅटरी वाचावी म्हणून स्वतंत्र कार्ड गरजेपुरतंच जागं करायची ऑप्टिमस ही सोय एन्व्हीडियाने २०१० मध्ये आणली. कोणतं काम कोणाकडे जायचं हे ड्रायव्हर आणि विंडोज ठरवतात, आणि बरेचदा घोळ तिथेच होतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर स्वतंत्र कार्ड दिसत असेल तर ते जिवंत आहे. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स पानावर त्या सॉफ्टवेअरला ‘हाय परफॉर्मन्स’ नेमून द्यावं. विंडोज १० मध्ये ही सोय २०१८ पासून आहे. प्रीमिअरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर ‘सॉफ्टवेअर ओन्ली’वर राहिलेला असू शकतो. ब्लेंडर तर प्रेफरन्सेसमध्ये कार्ड निवडून दिल्याशिवाय सायकल्स या आपल्या रेंडररसाठी ते वापरतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर ड्रायव्हर नाही एवढाच त्याचा अर्थ.

यावर दुरुस्तीवाले दुकानदार म्हणतील, गर्दीत इतकं कोण बघणार, विंडोज नव्याने टाकलं की चालतं. चालतं खरं, पण बहुतेक वेळा ते ड्रायव्हर नव्याने बसल्यामुळे, आणि तेवढं काम विंडोज न पुसताही होतं. पुसल्यावर प्लगइन जातात, अल्बमवरच्या मराठी नावांसाठी लागणारी श्रीलिपी जाते, कन्नड नावांसाठीची नुडी जाते. ऐन मुहूर्तांच्या दिवसांत ते सगळं पुन्हा बसवण्यात स्टुडिओवाल्याचा जो वेळ जातो, तो कोणत्याच बिलात दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि तापून कार्डं खरोखर जातात. हे मान्यच करायला हवं. मशीन तापल्यावर नाहीसं होणारं आणि निवल्यावर परत येणारं कार्ड, किंवा जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकल्यावरही डिव्हाइस मॅनेजरमध्ये टिकून राहिलेला ‘कोड ४३’, या दोन्ही गोष्टी बोर्डाकडे बोट दाखवतात. पण तपासणीचा क्रम पाळला तरच तो संशय पक्का होतो.

तिसरी शक्यता कोणी सांगतच नाही. कार्ड धड असतं, पण कंपनीने त्याची पिढी सोडून दिलेली असते. केप्लर पिढीच्या लॅपटॉप कार्डांसाठी एन्व्हीडियाचे नियमित नवे ड्रायव्हर २०१९ मध्येच थांबले. अशा मशीनला सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती हाच उपाय, दुरुस्ती नव्हे. म्हणून हैदराबादहून किंवा सोलापूरहून जुना लॅपटॉप विकणाऱ्याने कार्डाची पिढी पावतीवर लिहावी. आणि बीदर-कलबुर्गीच्या ज्या क्लासांत एडिटिंग शिकवतात, तिथे ट्रान्झिशनच्या आधी डिव्हाइस मॅनेजर वाचायला शिकवावं, तेही मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण सॉफ्टवेअरचा तक्रारीचा संदेश इंग्रजीतच येतो.