‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय बंद पडतं? आणि दुसरा सर्व्हर असतो, तो कुठे जातो?

राजुऱ्यातलं रेशन दुकान असो की पहाडावरच्या एखाद्या गावातलं, महिन्याच्या वाटपाच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

पोती समोर दिसतात, काटा तयार असतो, कार्डही हातात असतं. पण ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं. कापूस वेचणीची किंवा खाणीवरची एक दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई रिकाम्या पिशवीने परत जाते.

हे फक्त राजुऱ्यात होत नाही. २०२४च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर ई-पॉसच्या सर्व्हरने एवढा त्रास दिला की शेवटी सरकारला ऑफलाइन वाटपाची परवानगी द्यावी लागली. सातबारा, दस्तनोंदणी, पीक विम्याचे अर्ज, सगळीकडे हाच अनुभव येतो.

पण यात एक प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा डेटा एकाच कॉम्प्युटरवर ठेवत नाहीत. एक पडला तर दुसऱ्याने काम हाती घ्यावं, अशी सोय केलेली असते. मग हा दुसरा ऐन वेळी कुठे जातो?

आधी एक फरक: रेंज गेली की सर्व्हर पडला?

दुकानदार दोन्हीला ‘सर्व्हर डाऊन’च म्हणतो, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मशीनच्या सिमला रेंज नसेल, तर अडचण त्या दुकानापुरती किंवा त्या गावापुरती असते. जिवती, कोरपन्याकडच्या डोंगराळ भागात हे होऊ शकतं. पण त्याच वेळी राजुरा, बल्लारपूर आणि चंद्रपूर, तिन्ही ठिकाणची मशीन थांबली असतील, तर बिघाड गावात नाही, वर कुठेतरी आहे. शेजारच्या तालुक्यात एक फोन केला तरी हा फरक कळतो.

आणि ‘वर’ म्हणजे एकच जागा नसते. रेशनकार्डांची नोंद एका यंत्रणेत असते. अंगठा जुळतो की नाही हे आधारची यंत्रणा सांगते आणि तिची डेटा सेंटर बेंगळुरू आणि हरियाणातल्या मानेसरला आहेत. अंगठ्याने व्यवहार पूर्ण व्हायचा असेल तर या साखळीतली प्रत्येक कडी चालू असावी लागते. एक तुटली की पोतं जागेवरून हलत नाही.

क्लस्टर म्हणजे काय?

तहसील कार्यालयातलं एक मोठं रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. एक कारकून त्यात नोंदी करतो. शेजारी दुसरा कारकून बसलाय. पहिला जे लिहील ते तो आपल्या रजिस्टरमध्ये लगेच उतरवून घेतो. पहिला आजारी पडला तर दुसऱ्याने त्याच्या खुर्चीवर बसायचं आणि काम पुढे न्यायचं.

डेटाबेस क्लस्टर हाच प्रकार. मुख्य सर्व्हरला प्रायमरी म्हणतात, राखीव सर्व्हरला स्टँडबाय. नोंदी उतरवण्याच्या कामाला रेप्लिकेशन म्हणतात आणि खुर्ची बदलण्याला फेलओव्हर. कागदावर हे सगळं काही सेकंदांत होतं.

मग अडतं कुठे?

दुसरा सर्व्हर नसल्यामुळे अडतंच असं नाही. पुष्कळदा तो असतो, पण खुर्ची बदलताना घोळ होतो. तो मुख्यतः पाच प्रकारे होतो.

पहिला: पहिला कारकून मेलाय की नुसता झोपलाय? सर्व्हर एकमेकांना सतत ‘मी आहे’ असा निरोप पाठवत असतात. त्याला हार्टबीट म्हणतात. निरोप थांबला म्हणजे सर्व्हर मेला असेलच असं नाही. कदाचित मधली वायर तुटली असेल, कदाचित तो कामाच्या ओझ्याने हळू झाला असेल. घाईने खुर्ची बदलली तर नसता गोंधळ, उशीर केला तर रांग ताटकळते.

दुसरा: दोघेही स्वतःला साहेब समजतात. मधला संपर्क तुटला, पण दोन्ही सर्व्हर जिवंत आहेत. दोघेही नोंदी करू लागतात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. एकाच पोत्यावर दोन रजिस्टरांत दोन वेगळी नावं लागली, तर नंतर खरं कुठलं मानायचं? हे टाळायला कोरम, म्हणजे बहुमताची अट घालतात. म्हणून असे सर्व्हर दोनऐवजी तीन किंवा पाच ठेवतात, निदान तिसरं मत देणारं छोटं मशीन तरी ठेवतात. दोघांच्या भांडणात बहुमत कुणाकडेच नसतं. पण याचीही दुसरी बाजू आहे. बहुमत जमलं नाही तर सुरक्षिततेसाठी सगळेच काम थांबवतात.

तिसरा: दुसऱ्याचं रजिस्टर मागे पडलंय. पहिल्याने दुपारी १२ पर्यंत नोंदी केल्या, दुसऱ्याने ११:५० पर्यंतच उतरवल्या. आता खुर्ची बदलली तर दहा मिनिटांच्या नोंदी गायब. यावर उपाय म्हणजे दोन्ही रजिस्टरांत नोंद झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचंच नाही. पण मग दुसरा हळू झाला की पहिल्यालाही थांबावं लागतं.

चौथा: पत्ता बदललेला कुणाला माहीतच नाही. खुर्ची नीट बदलली, नवा सर्व्हर तयार आहे. पण मशीन अजून जुन्याच पत्त्यावर दार ठोठावतायत. सर्व्हर चालू आणि सेवा बंद, असा विचित्र प्रकार इथे होतो.

पाचवा: दोन्ही आधार एकाच खांबावर. बल्लारपूरहून राजुऱ्याला येताना वर्धा नदी ओलांडावी लागते. पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला की हा रस्ता बंद होतो. खबरदारी म्हणून तुम्ही एसटीही ठरवली आणि खासगी गाडीही, पण दोन्ही त्याच पुलावरून येणार असतील, तर पूर आल्यावर दोन्ही पलीकडेच अडकणार. गाड्या दोन, रस्ता एकच.

मुंबईत हेच घडलं होतं

२४ फेब्रुवारी २०२१. देशातला सगळ्यात मोठा शेअर बाजार, मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजे एनएसई, सकाळी ११:४० ला बंद करावा लागला. तो दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाला आणि त्या दिवशी व्यवहार संध्याकाळी ५ पर्यंत चालवले. मधले चार तास ज्यांचे सौदे अडकले, ते हात चोळत बसले.

एनएसईकडे राखीव सोय नव्हती का? होती. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या. मुंबईतच जवळ डेटाची दुसरी प्रत होती. चेन्नईला आपत्कालीन केंद्रही होतं.

पण दोन्ही कंपन्यांच्या लाइन एकाच वेळी डळमळल्या. रस्त्याची खोदाई आणि बांधकाम हे त्याचं कारण सांगितलं गेलं. लाइन डळमळल्यावर डेटा साठवणारी यंत्रणा अपेक्षेपेक्षा वेगळी वागली आणि मुख्य केंद्रातल्या सर्व्हरना आपलाच डेटा मिळेना. सौदे जुळवणारी यंत्रणा चालू होती, पण जोखीम मोजणारी बंद पडली. जोखीम मोजल्याशिवाय बाजार चालवणं धोक्याचं, म्हणून सगळंच थांबवलं. चेन्नईला काम हलवलं नाही, इथेच दुरुस्ती करत बसले.

म्हणजे पाचवा घोळ झाला, आणि खुर्ची बदलायचा निर्णयही वेळेत झाला नाही.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. सेबीने महिन्याभरात, २२ मार्च २०२१ ला, नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम सुरू करायचं, गरज पडल्यास राखीव केंद्रातून. एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने सेबीकडचं हे प्रकरण ७२ कोटींहून अधिक रक्कम भरून मिटवलं. २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, बाजार मुद्दाम उघडला. सकाळचं सत्र मुख्य केंद्रातून आणि दुसरं सत्र राखीव केंद्रातून चालवलं. ही होती खुर्ची बदलण्याची रंगीत तालीम, आणि तीही खऱ्या पैशांवर.

घाईने बदललं तर?

उशीर केल्याचं उदाहरण पाहिलं, आता घाईचं पाहू. २१ ऑक्टोबर २०१८ ला जगभरातले प्रोग्रामर वापरतात त्या गिटहब या सेवेत, देखभालीच्या कामात संपर्क तुटला. किती वेळ? फक्त ४३ सेकंद.

तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं काम पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरकडे सोपवलं. पण पूर्वेकडे काही नोंदी अशा होत्या ज्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि तोवर पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन रजिस्टरं, दोन्ही अर्धवट खरी. एकही नोंद गमवायची नाही असं ठरवून त्यांनी सावकाश जुळवाजुळव केली. ४३ सेकंदांच्या तुटीची भरपाई करायला २४ तास ११ मिनिटं लागली.

सर्व्हर पडल्यावर इंजिनिअर काय तपासतात?

१. प्रत्येक सर्व्हरला वेगवेगळं विचारतात, ‘तुझ्या मते प्रमुख कोण?’ उत्तरं वेगळी आली तर दुखणं तिथेच सापडलं.

२. दोन प्रमुख झाले असतील तर आधी एकाला लिहिण्यापासून थांबवतात. इथे ‘बंद करून चालू करू’ ही सवय सगळ्यात घातक. जुना प्रमुख जागा होऊन पुन्हा नोंदी करू लागला तर घोळ दुप्पट होतो.

३. राखीव सर्व्हर किती मागे आहे, हे बघतात. बदल आधी केला आणि हे नंतर पाहिलं, तर गेलेल्या नोंदी परत येतीलच याची खात्री नसते.

४. बहुमत का जमलं नाही, ते शोधतात. सर्व्हर मेला, की मधली लाइन तुटली?

५. मशीन नव्या पत्त्यावर येतायत की जुन्याच, हे पडताळतात.

६. सगळ्या सर्व्हरच्या लॉगमधल्या वेळा जुळवून आधी काय घडलं आणि नंतर काय, याची ओळ लावतात. सर्व्हरची घड्याळंच मागेपुढे असतील तर हा क्रम लागत नाही.

या यादीतला एकही प्रश्न नवं मशीन विकत घेऊन सुटत नाही. तो सुटतो आधी केलेल्या सरावाने.

राजुऱ्याच्या रांगेचं काय?

रेशनच्या सर्व्हरसाठी नुसतं मशीनवर अवलंबून राहता येणार नाही. इथे आणखी एक फेलओव्हर लागतो, तो म्हणजे कागदाचा. सर्व्हर पडला तरी धान्य चालू ठेवणारी वही.

ही गोष्ट सरकारने मान्यही केलेली आहे. केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की नेटवर्क नाही, अंगठा जुळत नाही, अशा कारणांनी कुणालाही धान्य नाकारू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क आहे. धान्य मिळालंच नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे.

म्हणजे राखीव सोय कागदावर आहे. अडचण तीच, खुर्ची बदलण्याची. सर्व्हर किती वेळ बंद राहिला की वही उघडायची? ते कुणी ठरवायचं, दुकानदाराने, तहसीलदाराने की मंत्रालयाने? वहीत केलेली नोंद नंतर मशीनमध्ये चढली नाही तर तो माल कुणाच्या नावावर मांडायचा? हे आधी ठरलेलं नसेल तर दुकानदार धोका पत्करत नाही. तो ‘उद्या या’ म्हणतो, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी हेच म्हणाला असता.

वहीत गैरव्यवहार होतो म्हणूनच मशीन आणलं, हा युक्तिवाद खोटा नाही. पण म्हणूनच वहीचे नियम आधी ठरवून ठेवावे लागतात. नाहीतर परवानगी येते तीही आठवड्यांनी, गदारोळ झाल्यावर.

शेअर बाजार चार तास थांबला तर महिन्याभरात मिनिटांचा हिशेब लावणारा नियम आला. सौदा एका दिवसाने लांबला तर नुकसान होतं, हे सगळ्यांना पटलं. मजुरी बुडवून तीनदा फेरी मारणाऱ्या बाईचं नुकसान मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही, कारण ती नोंद करणारा सर्व्हरच त्या वेळी बंद असतो.

मग विचारायचं काय?

पुढच्या वेळी यंत्रणा बंद पडली आणि ‘नवे सर्व्हर घेतले जातील’ अशी घोषणा झाली, तर चार प्रश्न विचारा. ग्रामसभेत विचारा, तहसील कार्यालयात लेखी विचारा, माहितीच्या अधिकारातही विचारता येतात.

• राखीव सर्व्हरवर काम हलवण्याचा शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला?

• मुख्य आणि राखीव केंद्राच्या लाइन, वीज आणि इमारत वेगळी आहे का?

• यंत्रणा किती मिनिटं बंद राहिली की ऑफलाइन वाटप आपोआप सुरू होईल?

• गेल्या वर्षभरात ती किती तास बंद होती?

पहिल्या प्रश्नाला तारीख सांगता आली नाही, तर राखीव सर्व्हर असूनही नसल्यासारखाच आहे असं समजा.