मुदतीचे उत्सव, बेमुदत सत्ता

१७ सप्टेंबर २०२३ रोजी मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाचा समारोप झाला. त्याच्या चारच वर्षे आधी, २०१९ च्या टंचाईत, मुकुंदवाडीतील मुले पाण्यासाठी रेल्वेने औरंगाबाद स्थानकापर्यंत जात आणि भरलेली भांडी घेऊन परतत. या दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या. अशा वेळी, वर्षे मोजून उत्सव करण्याची ही रीत मुळात कोणाची, हे तपासणे अगत्याचे ठरते.

रीत रोमची आहे. ऑगस्टसने इ. स. पू. २७ मध्ये प्रांतांचा अधिकार दहा वर्षांपुरताच स्वीकारला आणि मुदत सरताच पुन्हा पुन्हा वाढवून घेतला. पुढच्या सम्राटांना मुदत अशी उरलीच नाही. उत्सव मात्र उरला. 'डेसेम' म्हणजे दहा, 'अन्नुस' म्हणजे वर्ष, त्यावरून 'डेसेनालिया'. विसाव्या वर्षाचा 'विसेनालिया' डायोक्लेशियनने ३०३ साली खुद्द रोममध्ये केला, तर तिसाव्याचा 'ट्रिसेनालिया' कॉन्स्टंटाइनने ३३५-३६ मध्ये. शब्द मुदतीचे, सत्ता तहहयात!

खर्चाचा मार्गही लक्षणीय आहे. दर पाच वर्षांनी सैन्याला सोने वाटले जाई. ते उभे करण्यासाठी व्यापारी, कारागीर, एवढेच नव्हे तर वेश्यांकडूनही कर घेतला जाई. त्याचे नाव 'कोलातिओ लुस्त्रालिस'; 'लुस्त्रुम' म्हणजे पाच वर्षांचा काळ. पूर्व साम्राज्यात तो रद्द व्हावयास ४९८ साल उजाडावे लागले.

'जुबिली' हा शब्दही लॅटिनमधूनच आला, पण त्याचे मूळ हिब्रू 'योबेल', म्हणजे मेंढ्याचे शिंग. जुन्या कराराप्रमाणे पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावयाचे, गुलाम मोकळे करावयाचे आणि विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत द्यावयाची. राजेरजवाड्यांनी शब्द तेवढा उचलला, जमिनीचे कलम सोडून दिले. १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अलीखानाची रौप्य जुबिली फेब्रुवारी १९३७ मध्ये थाटात झाली. मुकुंदवाडी तेव्हा त्याच्याच राज्यात होती.

१७ सप्टेंबर १९४८ हा त्या राज्याच्या अंताचा दिवस. त्याची पंच्याहत्तरी दरबारी मापानेच, रोषणाई आणि समारंभांनी मोजली जावी, हे विपरीत आहे. (तिला 'अमृत' म्हणावे, हे तहानलेल्या वस्तीला विशेष बोचणारे.) शताब्दी २०४८ साली येईल. मुकुंदवाडीच्या कार्यकर्त्यांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. येत्या १७ सप्टेंबरपूर्वी घरोघर जाऊन नळाला किती दिवसांआड पाणी येते याची नोंद करावी आणि ध्वजवंदनाला येणाऱ्या मंत्र्यांच्या हाती ती वही द्यावी.