घरच्या व्हीपीएनची वाट पत्त्यापाशी अडते

घरच्या संगणकावर स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर चालवणे म्हणजे घरातल्या किंवा दुकानातल्या नेटवर्ककडे बाहेरून येणारी एक कुलूपबंद वाट तयार करणे. परगावी असलेला मोबाइल या वाटेने आत येतो आणि घरातच बसल्यासारखा चालतो. कॅमेरे दिसतात, हिशेबाचा संगणक उघडता येतो, प्रिंटरवर पावती काढता येते. मधल्या हॉटेलच्या वाय-फायला त्यातले काहीही वाचता येत नाही.

दोंडाईचासारख्या बाजारपेठेच्या गावाला याची खरोखर गरज आहे. लाल मिरचीच्या हंगामात व्यापारी कधी बाजार समितीत, कधी मिरची वाळवायच्या पथारीवर, तर कधी सुरतेच्या गाडीत असतो. टॅलीवर हिशेब ठेवणारा संगणक मात्र दुकानात. वाळत घातलेल्या मालावर नजर ठेवायला कॅमेरे लागतात. ते लांबून दिसावेत म्हणून राउटरमधून डीव्हीआरचे, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डब्याचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून देण्याची पद्धत आजही चालू आहे, आणि पुष्कळदा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच राहतो. हे धोक्याचे आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमके असेच डीव्हीआर आणि कॅमेरे जगभरातून ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या उपकरणांकरवी वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. ज्यांच्या घरातली यंत्रे त्यात वापरली गेली, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मोबाइलवर मिळणारे फुकटचे व्हीपीएन अॅप हा यावरचा उपाय नव्हे. ते घराकडे येण्याची वाट देत नाही; सगळी ये-जा तिसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवरून वळवते. होला या फुकट सेवेचे वापरकर्ते स्वतःच इतरांच्या रहदारीचे बाहेर पडण्याचे दार बनले होते आणि ती क्षमता पैसे घेऊन विकली जात होती, हे २०१५ मध्ये उघड झाले.

घरच्या सर्व्हरला नवा संगणक लागत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अडगळीत पडलेले जुने यंत्र लिनक्स टाकून या कामाला पुरते. लॅपटॉप असेल तर अधिक चांगले, कारण वीज गेली तरी त्याची बॅटरी तग धरते. मात्र फायबरचा डबा आणि राउटर हे दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, नाहीतर सर्व्हर चालू आणि वाट बंद अशी स्थिती होते.

वायरगार्ड हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. त्याची मांडणी सुटसुटीत आहे. प्रत्येक उपकरणाला किल्ल्यांची जोडी मिळते: एक खासगी, जी त्या उपकरणाबाहेर जाता कामा नये, आणि एक सार्वजनिक, जी समोरच्याला द्यायची. सर्व्हरच्या फाइलमध्ये स्वतःची खासगी किल्ली, १०.८.०.१ सारखा अंतर्गत पत्ता आणि ५१८२० हा पोर्ट क्रमांक लिहायचा. त्याखाली प्रत्येक मोबाइलची सार्वजनिक किल्ली आणि त्याचा अंतर्गत पत्ता. मग राउटरमध्ये ५१८२० हे यूडीपी पोर्ट त्या संगणकाकडे वळवायचे. हेही पोर्ट उघडणेच आहे, पण फरक मोठा आहे. ज्याची किल्ली नोंदलेली नाही त्याला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे पोर्ट चाचपत फिरणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. डीव्हीआर मात्र येईल त्याला लॉगिनचे पान दाखवतो. एक खोडी आधीच टाळावी. बरेच राउटर १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर येतात. घर आणि हॉटेल दोन्हीकडे तेच आकडे असले की मोबाइल गोंधळतो. घरचे आकडे सुरुवातीलाच बदललेले बरे.

हे कायदेशीर आहे का, अशी शंका घेतली जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपायचे आहेत. त्यावरून काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. हा नियम लोकांना सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या कुटुंबासाठी स्वतःच्या घरी केलेली जोडणी त्या धंद्यात मोडत नाही. उलट घरच्या व्हीपीएनमध्ये लपणे नसतेच. बाहेर दिसतो तो घरचाच पत्ता, ज्याचे बिल घरमालकाच्या नावावर येते. म्हणूनच किल्ली शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटू नये.

खरी अडचण इंटरनेट पुरवठादाराकडे आहे. बाहेरून घरापर्यंत पोहोचायला इंटरनेटवरचा सार्वजनिक पत्ता लागतो, आणि जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. ते संपत आल्याने पुरवठादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर ग्राहक त्या पडद्याआडच आहे. त्याने घरी कितीही अचूक मांडणी केली तरी बाहेरचा मोबाइल तिथवर पोहोचत नाही. ग्राहक चार दिवस फाइल तपासत बसतो आणि दोष त्याच्या हातातला नसतोच.

यावर विचारणा केली की स्टॅटिक आयपीचे वेगळे वार्षिक शुल्क सांगितले जाते. पण या कामाला कायम एकच राहणारा पत्ता लागत नाही. बदलता, पण सार्वजनिक पत्ता पुरतो. तो बदलला की डायनॅमिक डीएनएस ही सेवा ठरलेल्या नावापुढे नवा आकडा नोंदवून घेते. मोजक्या ग्राहकांनी मागितलेले असे पत्ते देणे स्थानिक पुरवठादाराला जड जाऊ नये. ज्याला तेही जमत नाही त्याने आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धती द्यावी. त्यात पत्त्यांची टंचाई नाही, आणि दूरसंचार विभागाचे त्यासंबंधीचे आराखडे २०१० आणि २०१३ मध्येच आले आहेत. मात्र आयपीव्ही६ देऊन राउटरमध्ये बाहेरून येणारी वाट बंद ठेवली आणि ग्राहकाला ते सेटिंगच उघडू दिले नाही, तर ते दिल्यासारखे होत नाही.

वेगाचे आकडे जाहिरातीत ठळक छापले जातात. त्याच दरपत्रकावर जोडणीला सार्वजनिक पत्ता आहे की सामायिक, आयपीव्ही६ आहे की नाही आणि राउटरचे पूर्ण अधिकार ग्राहकाकडे राहतील का, या तीन गोष्टीही पैसे घेण्याआधी छापाव्यात. दूरसंचार नियामक ट्रायने ते बंधनकारक करावे.

— एक वाचक, दोंडाईचा (जि. धुळे)