घरात राहण्याचा हक्क आहे, मग देशात राहण्याचा का नाही?

परदेशी जोडीदाराच्या व्हिसाचा विषय काढला की आपल्यातलाच कुणीतरी म्हणतो, "हा एनआरआय लोकांचा प्रश्न आहे. इथे जातपडताळणी अडकली आहे, शिष्यवृत्ती रखडली आहे, आणि तुम्ही व्हिसाचं काय घेऊन बसलात?" या मित्रांचा राग समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. कुणी कुणाशी लग्न करायचे आणि लग्नानंतर कुणी कुठे, कुणाच्या मर्जीने राहायचे, हे ठरवण्याची सत्ता म्हणजेच जातीचा गाभा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी हेच मांडले. जात अंतर्विवाहावर टिकते आणि त्यासाठी बाईवर पहारा बसवावा लागतो. नवरा मेला की ती समाजाला 'अतिरिक्त' होते, मग तिची विल्हेवाट लावण्यासाठी सती आणि सक्तीचे वैधव्य येते. आज परदेशी जोडीदाराचा कायदा वाचला तर हाच 'अतिरिक्त' माणूस त्यात पुन्हा भेटतो.

आधी कायद्याचा इतिहास पाहा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ५(१)(ग) प्रमाणे भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या किंवा केलेले असलेल्या 'स्त्रियांना' नोंदणीने नागरिकत्व मागता येत होते. फक्त स्त्रियांना. भारतीय पुरुषाने परदेशी बायको आणली तर तिच्यासाठी दार उघडे. भारतीय बाईने परदेशी नवरा केला तर त्याला या कलमात जागाच नाही. बाई सासरी जाते, नवरा बायकोच्या देशात घरजावई होऊन राहत नाही, हा मनूचा संस्कार प्रजासत्ताकाच्या कायद्यात सरळ उतरला होता. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' जाऊन 'व्यक्ती' आल्या. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने वंशपरंपरेचे नागरिकत्व मिळायला १९९२ उजाडले. पुढे २००३ च्या दुरुस्तीने 'किंवा केलेले असलेल्या' हा भाग गेला आणि सात वर्षे वास्तव्याची अट आली. म्हणजे लग्न चालू असेल तरच अर्ज. विधवा आणि घटस्फोटिता या कलमातून बाहेर पडल्या.

आता आजची वाट. टुरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसावर आलेल्या माणसाने भारतीयाशी लग्न केले की त्याला एक्स-२ प्रकारच्या व्हिसात बदल मागता येतो. अर्ज ऑनलाइन होतो. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते. शिवाय परदेशी नोंदणी कार्यालयाचा अहवाल लागतो: दोघांचे पूर्ववृत्त काय, दोघे खरोखर एकत्र राहतात का, सुरक्षेची हरकत आहे का. मोठी शहरे सोडली तर जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. म्हणजे तुमचे लग्न खरे की खोटे, याची चौकशी करायला पोलीस येतो.

आणि तिथेच वस्तीतला प्रश्न आणि व्हिसाचा प्रश्न एक होतात. मी ज्या जोडप्यासाठी धावपळ केली, त्यातली मुलगी आपली, बौद्ध, परिचारिका. मुलगा आफ्रिकेतून पुण्यात शिकायला आलेला. पहिली अडचण घराची. घरमालक आधी तिचे आडनाव विचारतो, मग नवऱ्याचा रंग पाहतो. कुणी भाड्याने दिलेच तरी करारनामा द्यायला आणि परदेशी भाडेकरूसाठी भरायचा फॉर्म भरायला तयार नसतो. करारनामा नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे अर्ज अडला. जातीमुळे घर मिळत नाही आणि घर नाही म्हणून व्हिसा मिळत नाही. चौकशीला आलेल्याने शेजाऱ्यांना विचारले, "हे दोघं खरंच नवरा-बायको वाटतात का?" गोऱ्या जावयाबद्दल हा प्रश्न याच स्वरात विचारला गेला असता का, याचे उत्तर तुम्हीच द्या.

त्याआधी लग्नाचाच प्रश्न. जोडीदार ख्रिस्ती किंवा मुस्लिम असेल तर आपल्या मुलामुलींची मुख्य वाट १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा, मग नोटीस, ती कार्यालयात लावायची, तीस दिवस कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. इकडे टुरिस्ट व्हिसाचे दिवस सरत असतात. जोडीदार थायलंडचा किंवा श्रीलंकेचा बौद्ध असेल तर 'सोपा' मार्ग सांगतात: हिंदू विवाह कायदा, १९५५. कारण त्यात बौद्धालाही हिंदू धरले आहे! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी जे नाकारले, तेच लेबल एका शिक्क्यासाठी परत चिकटवून घ्यायचे. नको असेल तर तीस दिवस नोटीस बोर्डावर नाव लावून उभे राहायचे.

एक्स व्हिसा मुळात नोकरीसाठी नसतो. काम करायचे तर वेगळी परवानगी मागा. लग्न नोंदवून सलग दोन वर्षे टिकले, तर ओसीआय कार्डाचा अर्ज करता येतो. पण अर्जदार, त्याचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबा-पणजी यांपैकी कुणी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील किंवा कधी होते, तर कार्ड नाही. चितगावच्या बरुआ बौद्धाशी आपल्या मुलीने लग्न केले तर हे दार कायमचे बंद. बौद्धांचा कळवळा असल्याचे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि कार्ड मिळाले तरी? कलम ७ड(च) सांगते की घटस्फोट झाला तर कार्ड रद्द करता येते. दहा वर्षे इथे संसार केला, मुले इथल्या शाळेत आहेत, भाषा मराठी झाली. नवऱ्याने कोर्टातून कागद आणला की तिच्या राहण्याचा आधार गेला. नवऱ्याने मारले तर ती बोलेल का? २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा नागरिकत्व विचारत नाही. तो कोणत्याही बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. पण त्या घराचा दरवाजा ज्या देशात आहे, तिथे राहणे नवऱ्याच्या सहीवर टांगलेले. एका कायद्याने दिलेला हक्क दुसरा कायदा विमानतळावर काढून घेतो.

"खोटी लग्ने लावून लोक घुसतील, देशाच्या सुरक्षेचे काय?" असे विचारले जाते. तपासा, जरूर तपासा. कागद आहेत, नोंदणी आहे, मुलाखत घ्या. पण तपासाला मुदत हवी आणि मर्यादा हवी. अमेरिकेने १९९४ पासून मारहाण सोसणाऱ्या परदेशी पत्नीला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतः अर्ज करण्याची सोय दिली. तिथे एच-४ व्हिसावर नवऱ्यामागे गेलेल्या पुण्या-नागपूरच्या मुलींच्या हालअपेष्टांवर आपली वर्तमानपत्रे कळवळून लिहितात. तोच कळवळा इथे आलेल्या सुनेसाठी आणि जावयासाठी का आटतो?

संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या, म्हणजे बहुसंख्येने बौद्ध असलेल्या निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. २०१८ मध्ये हादिया प्रकरणात जोडीदार निवडण्याचा हक्क कलम २१ मध्येच आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. निवडलेल्या जोडीदाराला शेजारी राहताच येत नसेल, तर त्या निवडीचा अर्थ काय उरतो?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. व्हिसा बदलाच्या अर्जाला ठरावीक मुदत असावी आणि निर्णय होईपर्यंत राहणे कायदेशीर धरावे. चौकशी लेखी व्हावी, शेजाऱ्यांच्या साक्षीवर नव्हे. विशेष विवाह कायद्यातली जाहीर नोटीस जावी. घटस्फोट, हिंसाचार किंवा मृत्यू झाल्यास जोडीदाराला स्वतःच्या नावावर राहण्याचा हक्क मिळावा. त्यासाठी ७ड(च) बदलावे आणि २००३ ला काढलेले शब्द परत आणावेत.

हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. बाईला नवऱ्याच्या कुळापलीकडे स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असावे, हा त्या बिलाचा आत्मा होता. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी 'हा आपला प्रश्न नाही' म्हणू नये. आपल्या वस्तीत असे जोडपे असेल तर घर मिळवून द्या, करारनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करा, चौकशीच्या दिवशी सोबत बसा. जातीबाहेर लग्न करा असे भाषणात सांगणाऱ्या चळवळीने, जे देशाबाहेर लग्न करून इथे आले आहेत त्यांच्या पाठीशी उभे राहायलाच हवे.

जय भीम! नमो बुद्धाय!