अर्ध्या कोयत्याचं व्यवस्थापनशास्त्र

'जेंडर आणि व्यवस्थापन' या विषयावरची शिबिरं आता उदंड झाली आहेत. तिथे जोन ॲकर हे नाव हमखास निघतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1990 साली 'जेंडर अँड सोसायटी' या नियतकालिकात एक लेख लिहिला. तो इतका गाजला की संघटनांच्या अभ्यासात त्याचा दाखला दिल्याशिवाय आजही पुढे जाता येत नाही. पण आपल्याकडच्या शिबिरांनी त्याचं काय केलं? कचेरीतल्या बाईला बढती का मिळत नाही, एवढ्या एका प्रश्नावर तो आणून ठेवला. बढतीचा प्रश्न खोटा नाही. पण ॲकर त्याहून फार मुळाशी गेल्या होत्या.

त्याआधी, 1977 साली, रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास करून दाखवलं होतं की वरच्या जागांवर बायका मोजक्याच असल्या तर त्या नमुन्यादाखल उरतात. ॲकरना हे अपुरं वाटलं. ओरेगॉन राज्यात सरकारी नोकऱ्यांचं मोल ठरवण्याची पद्धत त्यांनी जवळून पाहिली होती. तिथे नियम असा, की माणूस बघू नका, 'पद' बघा. पदाला शरीर नाही, पाळी नाही, पोटात मूल नाही, घरी आजारी सासू नाही. असं पद कोण भरू शकतो? ज्याचं जेवण, कपडे, पोरं दुसरं कुणीतरी सांभाळतं तो. म्हणजे रचना तटस्थ नसतेच. ती पुरुषाचं माप घेऊन शिवलेली असते, आणि मग बाईला सांगतात की तुझंच अंग बेढब आहे.

हा विचार घेऊन जरा उसाच्या फडात चला.

बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. तिथे मजूर मोजायचं माप आहे 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, अंगठा किंवा सही त्याची, हिशेब त्याच्याशी. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, आणि त्याआधी पहाटे उठून कोपीवर भाकरी थापते, पाणी आणते. कागदावर मात्र ती कुठेच नाही. ॲकरच्या 'पदा'ला निदान पगार तरी होता!

या कोयत्यालाही शरीर असू नये अशी अपेक्षा असते. एक दिवस पडला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळी आली, अंगावरून जायला लागलं, तरी फडात जायचं. न्हाणीघर नाही, पाणी नाही, मग जंतुसंसर्ग ठरलेला. त्यात खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. हे 'वैयक्तिक आरोग्याचे प्रश्न' म्हणायचे का? बिनशरीराचा कामगार मागणाऱ्या रचनेने इथे बाईच्या शरीराचा नको असलेला भागच कापून टाकला.

आणि ही रचना कोणाची? सहकाराची. सहकारी साखर कारखान्यांचं आपल्याकडे केवढं कौतुक! पण सहकारात सभासद म्हणजे ऊस पिकवणारा; ऊस तोडणारी बाई सभासद नाही, कामगारही नाही. ती 'मुकादमाची माणसं' या शब्दांत गडप होते, आणि त्याबरोबर बाळंतपणाची रजाही. सहकार कायद्यानुसार संचालक मंडळात दोन जागा बायकांना राखीव आहेत. तिथे कोणाच्या घरच्या बायका बसतात, हे तुम्हांला सांगायला नको. कँटरच्या मोजमापाने ही प्रगतीच ठरेल. खुद्द ॲकरनी 2006 साली पुढचा लेख लिहून बजावलं की लिंगभाव एकटा नसतो. वर्ग आणि वंश त्यात गुंफलेले असतात. आपण त्यात जात वाचायची. उसाच्या फडात वरच्या जातीची मालकीण आणि मोळी वाहणारी दलित किंवा वंजारी बाई यांचं 'स्त्री म्हणून' एकच दुःख आहे, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

मजूर संघटनांनाही विचारायला हवं. वाटाघाटी होतात त्या टनामागच्या दरावर. दर वाढतो, तो कोयत्याचा. त्यातला तिचा वाटा किती, हे टेबलावर येतच नाही.

म्हणून पुढच्या हंगामाच्या करारात काय हवं ते आत्ताच ठरवू या. कोयत्याऐवजी दोन नावं, दोन खाती. उचलीची नोंद तिच्याही नावाने. आजारपण, पाळी, बाळंतपण यांच्या दिवसांचा दंड बंद. आणि नोंदणी मुकादमाच्या वहीत नको, कारखान्याच्या दप्तरी हवी. ज्या मैत्रिणी बीड, जालना, परभणीत काम करतात त्यांनी गावात माणसं परतली की बायकांकडून विचारून घ्यावं: उचल किती, खाडे किती, दंड किती, हिशेब कोणाच्या हातात.