राग गिळायचा की सांगायचा?

पालकसभा संपली, सगळे गेले, तरी एक अम्मी शेवटच्या बाकावर बसून होत्या. त्यांचा मुलगा आमच्या सहावीच्या वर्गात. त्याच दिवशी सकाळी आम्ही त्याच्यावर ओरडलो होतो. गृहपाठाची वही तिसऱ्यांदा घरी राहिली होती. ओरडणं जरा जास्तच झालं, वर्ग चिडीचूप झाला आणि त्या पोराने दोन्ही हात डोक्यावर धरले. आम्ही हात उचललेला नव्हता. मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे आम्हाला चांगलं माहीत आहे. (ओरडणं त्या दुसऱ्या भागात येतं, हे मात्र सोयीने विसरतो.) पण आता मार बसणार, हे त्या पोराच्या हातांना कुठून तरी ठाऊक होतं.

"टीचर, मीच मारते त्याला," अम्मी म्हणाल्या. "त्याच्या अब्बांवरचा राग त्याच्यावर निघतो."

अब्बा दारू पितात, हे सांगायला त्यांना आणखी पंधरा मिनिटं लागली. आपल्या घरांत हा शब्द उच्चारायचीही चोरी. दारू हराम, म्हणजे आपल्याकडे ती नसणारच, असं आपण धरून चालतो. मग ज्या घरात ती असते, त्या घरातली बाई नातेवाइकांना 'त्यांची तब्येत बरी नाही' एवढंच सांगत राहते. शेजारच्या वस्तीतली बाई निदान भांडून मोकळी होते. आमची बाई दार लावून घेते.

त्यांची कहाणी त्यांना विचारूनच इथे लिहितो आहोत, ओळख पटेल असं सगळं गाळून. पुढे त्यांच्या दिराने अब्बांना येरवड्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. मुक्तांगण पुणेकरांना नवं नाही. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट त्याचा कणा होत्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते काम सांभाळते. व्यसन एकाला लागतं, पण आजारी सगळं घर पडतं, हे या मंडळींनी ओळखलं. म्हणून व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' नावाचा गट आहे.

आमच्या अम्मी तिथे जायला तयार नव्हत्या. "पितात ते, आणि क्लासला मी बसू?" हा त्यांचा सवाल. वर कोणी ओळखीचं भेटलं तर, ही धास्ती. शेवटी भवानी पेठेतून बस बदलत एकदा गेल्या. नवऱ्याच्या तक्रारींची यादी मनात तयार होती. तिथल्या ताईंनी ती ऐकली आणि मग विचारलं, "तुम्ही स्वतः कशा आहात? झोप लागते का? जेवता कधी?" यावर काय बोलायचं हेच त्यांना कळेना. गेल्या कित्येक वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नव्हता. बाजूला बसलेली, कपाळाला मोठं कुंकू लावलेली एक बाई पटकन म्हणाली, "मी उभ्या उभ्या जेवते." सगळ्या हसल्या, आणि मग दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

गटाचा फायदा हाच असावा. आमच्यासारख्याने उपदेश केला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा पोराला बडवलं असतं. आपल्यासारखीच दुसरी बाई 'माझंही असंच होतं' म्हणते, तेव्हा शरम निम्मी होते. शरम कमी झाल्याशिवाय रागाकडे बघताच येत नाही.

तिथून त्यांनी काय आणलं, ते त्यांच्याच भाषेत सांगायचं तर तीन-चार साध्या गोष्टी. राग एकदम येत नाही. आधी दात आवळले जातात, कान तापतात. तेवढ्यात जागा सोडायची. नवरा नशेत असताना काहीच बोलायचं नाही, ते बोलणं वाया जातं. सकाळी बोलायचं, आणि तेही 'तुम्ही नेहमी असेच' असं न म्हणता 'तुम्ही रात्री आला नाहीत की मला भीती वाटते' असं. हे वाक्य तोंडातून निघायला त्यांना महिना लागला. आरोप करायला सोपा असतो. भीती वाटते म्हणायला जीभ अडते.

मुंबईचे कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीतही असंच एक सूत्र आहे. घडलेली गोष्ट आणि आपला राग यांच्या मध्ये आपला एक विचार असतो. वही आणली नाही, ही घटना. 'हा मला जुमानत नाही', हा आमचा विचार. ओरडलो ते त्या विचारावर, वहीवर नव्हे.

आता आमच्या अनेक वाचक भगिनी म्हणतील, आपल्याला सब्र शिकवलेलं आहे, क्लास कशाला? आम्ही आलिम नाही, भाषेचे शिक्षक आहोत, म्हणून भाषेपुरतं बोलतो. मराठीत राग गिळतात, उर्दूत गुस्सा पितात. दोन्हीकडे तो पोटातच जातो. पण सूरह आलि-इमरानच्या 134 व्या आयतीत जो 'काज़िमीन' शब्द येतो, त्याच्या मुळाशी भरलेल्या पखालीचं तोंड बांधण्याचा अर्थ आहे. भिश्ती पखालीचं तोंड बांधतो ते पाणी नको तिथे सांडू नये म्हणून. पाणी नाहीसं होत नाही, योग्य जागी तोंड सोडावंच लागतं. आणि राग आला तर उभा असलेल्याने बसावं, तरी शमला नाही तर आडवं व्हावं, ही प्रेषितांची (स.) शिकवण तर आपण मुलांनाही सांगतो. जागा सोडायची, शरीर आधी शांत करायचं. येरवड्याच्या ताई यापेक्षा वेगळं काय सांगत होत्या?

एक गोष्ट मात्र स्पष्ट करू. बाईने राग आवरायला शिकायचं म्हणजे मार खात बसायचं, असं नाही. नवरा हात उचलत असेल तर तो संवादकौशल्याचा विषयच राहत नाही. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे. 'थोडं समजून घे' म्हणून मुलीला परत पाठवणाऱ्या माहेरच्यांनी हे नीट वाचावं.

आणि पुरुष? त्यांना असं गोल बसवून 'भाईजान, तुम्हाला कशाची भीती वाटते' असं कोण विचारतं? चहाच्या टपरीवर तासन् तास बसणारे आमचे भाऊ राजकारणावर सगळं बोलतात, स्वतःबद्दल एक वाक्य नाही. शाळेचे वर्ग रविवारी रिकामेच असतात. एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाला बोलावून महिन्यातून दोनदा वडिलांचा गट बसवावा, असं आम्ही मुख्याध्यापकांना सुचवलं आहे. ते हसले. नाही म्हणालेले नाहीत.

अब्बांचं पुढे काय झालं? ते घरी आले, पाच महिने नीट राहिले, आणि ईदनंतर एका रात्री पुन्हा पिऊन आले. अशा घसरण्याला तिथे 'स्लिप' म्हणतात. ते पुन्हा उपचाराला गेले आहेत. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला तेव्हा आम्ही त्याचे हात-गाल बघत होतो. त्याला ते कळलं असावं. मधल्या सुट्टीत टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "टीचर, कल अम्मी मारी नहीं. बाहर जाके सीढ़ी पे बैठी."

मग आम्हीही एक राहिलेलं काम केलं. सगळ्या वर्गासमोर त्याला म्हटलं, "त्या दिवशी आम्ही फार ओरडलो, चुकलं आमचं." तो लाजून खाली बघत राहिला.

वही त्याने अजून आणलेली नाही.