पंपाची किंमत आणि पंपाचा खर्च



शेजारच्या कुटुंबाची परगावी बदली झाली आणि त्यांची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आमच्या दिवाणखान्यात आली. जीव काचेत कोंडणे मला कधीच रुचले नाही. परंतु क्लाउनफिशची ती जोडी गोड्या पाण्यात जगली नसती. तेव्हा आलेली जबाबदारी नीट निभावणे, एवढेच हाती होते. तिसऱ्या महिन्यात पंप बंद पडू लागला आणि नवा घेण्याचे काम माझ्याकडे आले.

या पेटीची रचना अशी : वर माशांची टाकी, खाली कपाटात पाणी शुद्ध करणारी दुसरी टाकी. पंप खालचे पाणी वर चढवतो, वरचे ओसंडून खाली येते. हे फिरणे थांबले की पाण्यात प्राणवायू मिसळणे मंदावते. कोमट खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. म्हणून पंप म्हणजे त्या जिवांचा श्वासच होय.

मी डब्यावरील आकडा पाहिला : तासाला २००० लिटर. पेटी सुमारे २५० लिटरची, आणि तासाला तिच्या तीन ते पाचपट पाणी फिरावे असा सर्वसाधारण ठोकताळा. म्हणजे हजार लिटर पुरेत. दुप्पट मिळते आहे या समाधानात मी पंप घेतला. घरी लावल्यावर धार पाहतो तो बारीक!

चूक माझीच होती. डब्यावरील आकडा पाणी मुळीच वर न चढवता मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो. आमचे पाणी चार फूट चढायचे होते. शिवाय नळीची वळणे. कमाल उंची दोन मीटर असलेल्या पंपाचा प्रवाह तेथे निम्म्यावर येऊ शकतो. बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही नुसती उलाढाल पाहत नसू, हाती काय उरते ते पाहत असू. तोच नियम येथे विसरलो. उंचीनुसार प्रवाह दाखवणारा आलेख पंपासोबत मिळतो. तो आधी पाहावा.

दुसरा हिशेब विजेचा. पंप अहोरात्र चालतो. दुकानात सारख्याच प्रवाहाचे दोन पंप होते, एक ८५ वॅटचा, दुसरा ४० वॅटचा, पण दोन हजारांनी महाग. ४५ वॅटचा फरक वर्षाला सुमारे ३९४ युनिट होतो. युनिटला १० रुपये धरले तर ३,९४० रुपये. महाग पंप सहा-सात महिन्यांत आपली जादा किंमत फेडतो. शिवाय पाण्यात बुडालेला पंप खर्च केलेली वीज उष्णतेच्या रूपाने पाण्यालाच देतो. उन्हाळ्यात तो भार माशांवर पडतो. पंप खाऱ्या पाण्यासाठी बनवलेला आहे ना, हेही विचारावे. साधा लोखंडी दांडा गंजतो. चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा दांडा टिकतो.

तिसरी गोष्ट मला पहिल्याच रात्री कळली. वीज गेली, पंप थांबला आणि वरचे पाणी त्याच नळीतून उलटे उतरू लागले. खालची टाकी काठोकाठ भरलेली. सकाळी दिवाणखान्यात खारे पाणी! आता नळीचे वरचे तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवले आहे आणि खालच्या टाकीत उतरणाऱ्या पाण्यापुरती जागा मोकळी असते. पंप बसवल्यावर आपण समोर असतानाच एकदा बटण बंद करून पाहावे. जोडणीला अर्थ गळती होताच वीज तोडणारा स्विचही असावा.

आणि शेवटची तरतूद : बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप. गेल्या महिन्यात रात्री चार तास वीज नव्हती. नातवाने अंधारातच तो सुरू केला आणि बुडबुड्यांचा आवाज ऐकत तो तेथेच झोपी गेला. सकाळी दोन्ही मासे नेहमीच्या जागी फिरत होते. त्या लहानशा यंत्राची किंमत मी खर्चात धरलेलीच नाही.